सात कदम आणि एक जून

"यंत्र चुकत नाही, कोकरे," रणनवरे साहेब म्हणाले. "माणसंच चुकीच्या दिवशी जन्मलीत."

साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते आणि आम्ही दोघं पडद्यावरच्या एकाच चौकटीकडे बघत होतो. चौकटीत इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा, की तुम्ही पाठवलेल्यांपैकी बऱ्याच ओळी आधी घेतलेल्या ओळींसारख्याच असल्यामुळे मी आत घेतलेल्या नाहीत, तरी पुढे जायचं का? खाली हो आणि नाही अशी दोन बटणं होती. पंचायत समितीत एवढ्या सभ्यपणे मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं.

मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या पंचायत समितीत, शिक्षण विभागात, कंत्राटी डाटा ऑपरेटर होते. कंत्राटी म्हणजे काम कायमचं आणि माणूस तात्पुरता. रणनवरे साहेब गटशिक्षणाधिकारी, म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या प्राथमिक शाळांचे मालक. पुण्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ते नुकतेच परतले होते, आणि तीन दिवसांत माणसाला जितकं कळतं त्याच्या तिप्पट आत्मविश्वास घेऊन आले होते. काम असं होतं, की तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांची एक्सेलमधली माहिती डाटाबेसमध्ये भरायची. त्यातून यंत्र स्वतःच यंदा निवृत्त होणाऱ्यांची यादी काढणार, ती जिल्ह्याला जाणार आणि तिथून आदेश छापून येणार. मध्ये माणसाचा हात लागणार नाही, असं साहेब अभिमानाने सांगायचे. माझे हात बहुधा त्यांच्या हिशेबात नव्हते.

एक्सेलच्या फायली केंद्रप्रमुखांनी बनवलेल्या. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. पहिल्या ओळीत, सगळे रकाने एकत्र करून, मधोमध, ठळक अक्षरांत "॥ श्री ॥". डाटाबेस पहिली ओळ म्हणजे रकान्यांची नावं असं समजतो. त्यामुळे पहिल्या झटक्यात आमच्या तालुक्यातल्या सर्व शिक्षकांचं आडनाव "श्री" झालं आणि बाकीच्या रकान्यांना नावच उरलं नाही. मी ती ओळ काढून टाकते म्हटल्यावर साहेबांचा चेहरा पडला. सुरुवातच अशी अशुभ नको म्हणाले. शेवटी "श्री" मी फायलीच्या नावात घातला. देवाची सोय झाली आणि यंत्राचीही.

मग तारखा. कुणी टिंबं देऊन लिहिलेल्या, कुणी अक्षरी, एकाने तर जन्मतारखेच्या रकान्यात "वय पूर्ण" एवढंच लिहिलं होतं. यंत्राची खोड अशी, की वरच्या चार ओळी बघून ते खालच्या सगळ्यांची जात ठरवतं आणि त्यात न बसणाऱ्यांना बाहेर काढतं. ही खोड मला ओळखीची होती, त्यामुळे मला त्याचा राग आला नाही. एकेक तारीख सरळ करत मी दोन आठवडे काढले. मान अवघडली, पण फायली सुतासारख्या सरळ झाल्या.

आणि आता ही चौकट. झालं होतं असं, की प्रत्येक माणसाला ओळखण्यासाठी यंत्राला एक किल्ली द्यावी लागते, जी दोघांची एकसारखी असून चालत नाही. साहेबांनी प्रशिक्षणात शिकून ठरवलं, आडनाव अधिक जन्मतारीख. मी म्हटलं, साधा अनुक्रमांक देऊ या. साहेब म्हणाले, अनुक्रमांक अडाणी लोक देतात. एकाच आडनावाची दोन माणसं एकाच तालुक्यात एकाच दिवशी कशाला जन्मतील?

कशाला ते त्यांनाच माहीत, पण जन्मली होती. एक जून एकोणीसशे पन्नास या एका दिवशी आमच्या डोंगरी तालुक्यात सात कदम, नऊ जाधव आणि चार शेलार जन्मले होते. त्या दिवशी सुईणीला पाणी प्यायला फुरसत मिळाली नसणार. पुढच्या वर्षीही एक जूनला तीच धांदल, त्याच्या पुढच्या वर्षीही. वर्षातले उरलेले दिवस आमच्याकडे पाळणा हलायचाच नाही.

यातलं गुपित रस्त्यावरच्या शेळीलाही ठाऊक होतं. पूर्वी पोर शाळेत घालायला आणलं की आईबाप तारीख सांगू शकायचे नाहीत. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा पोराला सहावं पूर्ण दिसायला पाहिजे, म्हणून मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. एवढं साधं, पण साहेब शहरातले. त्यांच्या घरी वाढदिवस केक कापून होत असणार.

सात कदमांपैकी आनंदा कदम पहिले म्हणून आत गेले. उरलेले सहा यंत्राने बाहेर ठेवले. त्यात सगळ्यात शेवटचे हिंदुराव कदम होते, म्हणजे माझे गुरुजी.

गुरुजी तिसऱ्याच दिवशी हजर झाले. तालुक्यात बातमी पोचायला डाटाबेस लागत नाही. चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन ते कॉम्प्युटरच्या खोलीत आले. आमच्या धनगरवाड्यावरची एकशिक्षकी शाळा गेली बावीस वर्षं तेच चालवत होते. मला बाराखडी त्यांनीच शिकवली आणि पाचवीसाठी खालच्या गावात पाठवायला माझ्या बापाशी भांडलेही तेच.

"भागे," ते म्हणाले, "माझं नाव कुठं गेलं, बघ की."

मी त्यांना सांगितलं, की तुम्ही सध्या नाही आहात. आनंदा कदम असल्यामुळे तुमची गरज उरलेली नाही. गुरुजी हसले, खुर्चीवर बसले आणि खिशातून शेंगा काढून माझ्यापुढे ठेवल्या. मग इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आले. यंदा एकतीस मेला त्यांची निवृत्ती होती. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्या माणसाची नोकरी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते, हा नियम. म्हणजे एक जूनवाले सगळे एकतीस मेला घरी. आणि एकतीस मेला शाळेला सुट्टी असते.

"मोहिते मास्तर रिटायर झाले त्या साली मी होतो ना," गुरुजी म्हणाले. "शाळेला कुलूप. व्हरांड्यात मी, मोहिते आणि इथला शिपाई. शिपायानं नारळ दिला. एक पोर नाही, भागे. सगळी बापांबरोबर मेंढरं घेऊन खाली गेलेली. छत्तीस वर्षं शिकवून माणूस कुलपाला नमस्कार करून गेला."

मी विचारलं, मग जूनमध्ये जा की पोरांना भेटायला, कोण अडवतंय.

"जाईन की. पाहुणा म्हणून जाईन. त्यांना तोवर दुसरा मास्तर आलेला असेल."

त्यांना दुसरं काही नको होतं. पोरं समोर असताना, फळ्यासमोर उभं राहून, येतो म्हणायचं होतं. तेवढ्यासाठी त्यांनी साहेबांना पूर्वी दोनदा अर्जही केला होता, की पंधरा दिवस बिनपगारी शिकवू द्या. साहेबांनी अशी तरतूद नाही असं उत्तर दिलं होतं. सरकारी खात्यात फुकट काम करायची तरतूद फक्त कंत्राटी लोकांना असते.

इकडे साहेबांनी चौकटीवर तोडगा काढला. सोपा तोडगा. पहिल्या कदमाला एक जून राहू दे, दुसऱ्याला दोन जून टाक, तिसऱ्याला तीन. नुसतं आत घेण्यापुरतं, नंतर दुरुस्त करू. "नंतर दुरुस्त करू" हे आमच्या कार्यालयाचं घोषवाक्य होतं. तालुक्यातले निम्मे पूल त्यावरच उभे आहेत.

मी म्हटलं, "साहेब, तारीख दोन जून झाली की निवृत्ती एकतीस मेची तीस जूनला जाते."

"मग?"

"मग यंत्र तसाच हिशेब करेल."

साहेबांनी माझ्याकडे दयेने बघितलं. निवृत्तीचा नियम यंत्राला प्रशिक्षणातल्या तज्ज्ञांनी शिकवलाय, तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं का, असं त्यांनी विचारलं. कळत होतं, पण प्रश्न तसा नव्हता. मी मुकाट्याने खुर्ची पुढे ओढली आणि जन्मतारखा वाटायला बसले. मला सांगितलं होतं तेवढंच मी केलं, आणि ते करताना मनात गुदगुल्या होत होत्या हे नाकारत नाही. आनंदा कदम एक जून. पुढचे एकेक दिवसाने धाकटे होत गेले, आणि हिंदुराव कदम सात जूनला जन्मले. या खेपेला चौकट आली नाही. सगळी माणसं मेंढरं वाड्यात शिरावीत तशी निमूट आत गेली. साहेबांनी खोलीत पेढे वाटले.

यादी जिल्ह्याला गेली. कुणी वाचली नाही, कारण ती यंत्राने काढली होती. आदेश छापून आले. आनंदा कदम एकतीस मेला निवृत्त, बाकी सहा कदम तीस जूनला. जाधवांतले आठ आणि शेलारांतले तिघेही तसेच.

मेच्या मध्यावर गुरुजी तो आदेश घेऊन परत आले. मला वाटलं पेढे आणले असतील. पण त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवून दार लोटलं.

"हे चुकलंय."

मी म्हटलं, चुकलंय, पण वर गोल शिक्का आहे. शिक्का असल्यावर चूक म्हणत नाहीत.

"मी काय सात जूनचा न्हाई, भागे." गुरुजी चिडले की त्यांची गावची बोली वर यायची. "पोरांना खोटं बोलू नका म्हणून जन्मभर सांगितलं. आता जाताना खोट्या तारखेवर महिनाभर खुर्ची उबवू व्हय?"

"आणि एक जूनचे आहात का?"

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मी बेंदराचा. बैल रंगवून दारात उभे होते आणि आई अडली. बाप मिरवणूक सोडून सुईणीकडं पळाला, म्हणून बैलांनी दारातली पेंड खाल्ली. आमच्या घरात अजून सांगतात."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं. बेंदूर आषाढात, म्हणजे पार जुलैच्या आसपास. मी म्हटलं, खऱ्याने धरलं तर तुमची नोकरी जुलैअखेरपर्यंत आहे. तुमच्या मास्तरांनी पहिलीतच तुमचे दोन महिने खाल्ले. साहेबांनी त्यातला एक परत दिलाय, तोही चुकून. घ्या आणि वाड्यावर जा.

गुरुजींनी तो आदेश पुन्हा एकदा वाचला. शेवटी म्हणाले, "शाळा उघडायला जातो. पुढचं पुढं." आदेशाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. मला फार बरं वाटलं. माझ्या नोकरीत कुणाचं भलं झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

पण आनंदा कदम होतेच. आनंदा कदम शिक्षक संघटनेचे खजिनदार. त्यांनी तक्रार केली, की सातही कदम एका दिवशी जन्मलेले असताना माझ्या एकट्याच्याच नशिबी एक जून का? प्रश्न रास्त होता. त्यांनाही जून हवा होता. जिल्ह्याने प्रकरणाचा सखोल अभ्यास केला आणि समानतेच्या तत्त्वावर निर्णय दिला. आनंदा कदमांना जून मिळाला नाही. बाकी सगळ्यांचा काढून घेतला. नव्या आदेशात म्हटलं होतं, की हे सर्व शिक्षक एकतीस मे रोजीच निवृत्त झाले असे समजण्यात यावे.

तो आदेश आला तेव्हा शाळा उघडून आठवडा झाला होता. साहेबांनी सगळे लिफाफे माझ्यापुढे टाकले. शिपाई लग्नाला गेलाय, धनगरवाडा तुझाच, तूच देऊन ये म्हणाले. चूक तुझ्या हातून झाली, असंही सहज जोडलं. माणसाचा हात शेवटी यात लागलाच.

एसटी पायथ्याला सोडते. पुढे चढ आहे, त्या वाटेने मी लहानपणी दप्तर डोक्यावर घेऊन उतरायचे. वर पोचले तेव्हा शाळा भरली होती. पोरं पाढे म्हणत होती आणि दारात ठकूबाई येडगे आपल्या लेकीला पहिलीत घालायला घेऊन उभी होती. गुरुजी तिला जन्मतारीख विचारत होते.

"आता मला काय ठावं," ठकूबाई म्हणाली. "जत्रंच्या आदल्या रातीला झाली. तुमीच न्हाई का बॅटरी दिली दाई आणाया?"

"दिली की," गुरुजी म्हणाले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "जत्रा चैत्री पुनवेची. म्हणजे चतुर्दशी. थांब, तारीख काढून लिहितो. उगीच एक जून नको."

मग त्यांनी मला बघितलं आणि माझ्या हातातला लिफाफा बघितला. बाहेर आले, उभ्याउभ्याच वाचला.

"म्हणजे एकतीस मेपासून मी इथं नव्हतो."

"कागदावर नव्हता."

"मग आठवडाभर पोरांना शिकवलं कुणी?"

मी म्हटलं, असा रकाना डाटाबेसात नाही, गुरुजी.

आत पोरं तेराच्या पाढ्यावर अडली होती. हे काम करायला मला पाठवणाऱ्या साहेबांचा, आनंदा कदमांचा, त्या सखोल अभ्यासाचा, सगळ्यांचा मला संताप आला होता. आणि मला एवढंच सुचलं.

"गुरुजी, मी अजून पोचलेच नाही," मी म्हटलं. "चढ फार आहे. शाळा सुटेपर्यंत पोचेन."

त्यांनी लिफाफा परत माझ्या हातात दिला आणि आत गेले. मी बाहेर ठकूबाईशेजारी बसले. त्या दिवशी त्यांनी तेराचा पाढा शिकवला, एक कविता शिकवली, दोघांची भांडणं सोडवली, एकाचं नाक पुसलं. शाळा सुटायच्या आधी त्यांनी फळा स्वच्छ केला आणि त्याच्यासमोर उभे राहून सांगितलं, की उद्यापासून मी येणार नाही. नीट शिका. नवे मास्तर येतील, त्यांना त्रास देऊ नका. येतो.

पोरं बघत राहिली. पुढच्या रांगेतल्या एकीने विचारलं, "गुरुजी, तुमी नापास झाला काय?"

"व्हय," गुरुजी म्हणाले. "तारखेत."

ती पोरं त्यांना पायवाटेच्या वळणापर्यंत सोडायला आली. कुणी टोपी धरत होतं, कुणी पिशवी. भाषण नाही, शाल नाही, नारळसुद्धा नाही. सरकारी दप्तराप्रमाणे तो निरोप झालाच नाही, कारण त्या दिवशी तिथे कुणी शिक्षक नव्हता. मी ढसाढसा रडले, ते मात्र वळण ओलांडल्यावर, पोरांना दिसणार नाही असं.

उतारावर एका दगडावर आम्ही टेकलो. गुरुजींनी पाणी प्यायला बाटली दिली आणि म्हणाले, "ठकूच्या पोरीची तारीख लिहून ठेवलीय. माझी सही चालायची नाही, नव्या माणसाची घ्या. तारीख तेवढी बदलू देऊ नको."

मी बरं म्हटलं.

"तुझी एक जून मीच लिहिली, भागे."

मला ते माहीत होतं. वाड्यावरच्या माझ्या वयाच्या सगळ्यांची त्यांनीच लिहिली होती. डाटाबेसच्या बाहेर राहिलेल्यांना मी हसत होते तेव्हा मीही त्यातलीच होते. फक्त मी कंत्राटी, माझी ओळ कुठे घालायचीच नव्हती.

"तुझ्या आईनं खरी सांगितली होती त्या दिवशी," गुरुजी म्हणाले. "मी म्हटलं, असू दे, एक जून हिशेबाला बरी पडते. तिनं पुन्हा सांगितलं. मी लिहिली नाही."

आई मी तिसरीत असताना गेली. बापाला विचारलं की तो म्हणायचा, झालीस कवातरी सुगीच्या आधी. त्यापलीकडे मला सांगणारं कुणी नव्हतं. मी विचारलं, काय सांगितलं होतं तिनं?

"नवरात्रातली तू. घटाला चौथी माळ घालायची होती. फुलं काढायला म्हणून तुझी आई ओढ्याला गेली, आणि तुला ओटीत घेऊन परत आली. चौथी माळ लिहा म्हणत होती, गुरुजी, चौथी माळ."

मी बाटलीचं झाकण फिरवून लावलं. मग मी विचारलं, एवढी वर्षं लक्षात होतं, तर कधी बोलला का नाहीत?

गुरुजींनी टोपी झटकून डोक्यावर घातली.

"तेव्हा मी नोकरीत होतो," ते म्हणाले. "आता खरं बोलायला हरकत नाही."

मग आम्ही उतरायला लागलो. खाली शेवटची एसटी लागली होती.